विमान कंपन्यांच्या फ्लीट ठरवणाऱ्यांना नागपूरहून खुलं पत्र: इंजिनं दोनच असू द्या, हात मात्र वेगळे ठेवा

स.न.वि.वि.

मी नागपूरचा, सोनेगावला राहतो. गच्चीवर उभं राहिलं की उठणारं विमान दिसतं, आणि ३१ वर्षं विमानाच्या मेंटेनन्समध्ये काढल्यामुळे नुसत्या आवाजावरून कुठलं इंजिन आहे ते अजूनही कळतं. आता रिटायर झालो. तुम्हा लोकांना, म्हणजे कंपनीचा विमानांचा ताफा ठरवणाऱ्यांना, पत्र लिहायचं कारण म्हणजे आमच्या इकडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एक निवेदन फिरून राहिलं आहे. त्यात लिहिलंय की परदेशी लांबच्या प्रवासाला कंपन्यांनी दोन इंजिनांची विमानं बंद करावी आणि चार इंजिनांची परत आणावी. वीस-बावीस सह्या झाल्या आहेत. आमच्या वहिनींची सही तिसरी आहे, त्यांची मुलगी शिकागोला असते आणि येत्या महिन्यात त्यांना तिच्या बाळंतपणाला जायचंय.

मी सही केली नाही. सगळे नाराज झाले, एक काका तर सरळ म्हणाले, "तू आयुष्यभर इंजिनात हात घातले आणि तूच सही नाही करत?" मी म्हटलं काका, हात घातले म्हणूनच नाही करत. पण तेवढं बोलून घरी आलो आणि रात्रभर डोक्यात तेच. कारण त्यांची मागणी चूक आहे पण भीती चूक नाही, आणि भीतीला उत्तर द्यायचं काम माझं नाही, तुमचं आहे. म्हणून तुम्हाला लिहितोय.

भीती कुठून आली ते सांगायची गरज नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला जे झालं ते बघितल्यावर कोणाची छाती धडधडणार नाही. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला, खाली हॉस्टेलमध्ये जेवायला बसलेली पोरं गेली. दोन्ही इंजिनांची ताकद उठल्या उठल्या गेली एवढं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि त्यातून साधा हिशोब निघाला की दोनच्या जागी चार असती तर दोन तरी चालू राहिली असती. प्राथमिक अहवालात आलं की दोन्ही इंजिनांचे फ्युएल कटऑफ स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन' म्हणजे चालूवरून 'कटऑफ' म्हणजे बंदला गेले. ते कसे गेले यावर मी एक शब्द बोलणार नाही, गेलेल्या माणसांच्या घरच्यांसमोर अंदाज बांधणं मला पटत नाही. पण इतकं तर कोणालाही दिसतं की इंधनच तोडलं गेलं तर इंजिन दोन आहे का चार हा प्रश्न राहत नाही.

आता निवेदनवाल्यांना मी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की अरे बाप्पा, तुम्ही जे मागून राहिले ते आता एअरबस-बोइंग दोघंही बनवत नाही. एअरबसने ए-३४० चं उत्पादन २०११ ला थांबवलं, ए-३८० चं शेवटचं विमान डिसेंबर २०२१ ला गेलं, आणि बोइंगने शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ ला दिलं, तेही मालवाहू. म्हणजे चार इंजिनांचं विमान आणा याचा आजचा अर्थ एवढाच की कोणीतरी वापरून सोडलेलं पंधरा-वीस वर्षांचं विमान भाड्याने आणा, ज्याचे पार्ट दुसरं तसंच विमान मोडून मिळतात. सिंगापूरची पहिली ए-३८० विमानं तर दहा-बारा वर्षांची होईस्तोवर तुटायला गेली होती. आणि हे मी तुम्हाला का सांगतोय तर तुमच्यातही काही जण हा विचार करत असतील, नवीन विमानं उशिरा येऊन राहिली आहेत, बोइंगचं ७७७-९ मुळात २०२० ला यायचं होतं आणि आता तारीख २०२७ ची सांगतात, मग मधल्या काळात जुनं चार इंजिनवालं स्वस्तात मिळतंय तर घेऊन टाकू, वरून लोकही खूश. कृपा करून हे करू नका. लोकांच्या भीतीवर जुनं विमान विकू नका.

मला ७४७ चा राग नाही हो, उलट जीव आहे. नोकरीची पहिली वर्षं मी त्याच विमानाखाली काढली. पावसाळ्यात रात्री तीन वाजता रेनकोट घालून एक नंबरपासून चार नंबरपर्यंत चालत जायचं, चारही इंजिनांचं ऑईल बघायचं, चार काउल म्हणजे इंजिनाची झाकणं उघडायची, चार लॅच लावायचे, चार जागी टॉर्च मारायची. एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं 'आग्रा' नावाचं ७४७ मुंबईहून शेवटचं उडालं, अमेरिकेत तोडायला गेलं, त्या उड्डाणाचा व्हिडिओ मी नातवाला दाखवला तर माझेच डोळे भरून आले. पण जीव असणं वेगळं आणि तुमच्या जागी बसून फ्लीट ठरवणं वेगळं. चार इंजिनं म्हणजे चार जागी बिघडायची सोय, चार शॉप व्हिजिट म्हणजे वर्कशॉपच्या फेऱ्या, चार इंजिनांचं रक्त म्हणजे ऑईल-फिल्टर-प्लग, आणि इंधन तर विचारूच नका. आपल्याकडे कंपनीच्या खर्चात तिसऱ्या हिश्श्याच्या वर एटीएफच म्हणजे विमानाचं इंधनच जातं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे त्यामुळे पैशावर मी जास्त बोलत नाही.

लोकांना जे माहीत नाही ते वेगळं आहे. त्यांना वाटतं दोन इंजिनं म्हणजे चारच्या निम्मी ताकद. तसं नसतं. नियमच असा आहे की उठताना ऐन वेळी एक इंजिन गेलं तरी विमान उरलेल्यांवर चढलं पाहिजे. चारवाल्याचं एक गेलं तर चौथा हिस्सा ताकद जाते, दोनवाल्याचं एक गेलं तर सरळ अर्धी. म्हणून दोनवाल्याला प्रत्येक इंजिन इतकं दांडगं द्यावं लागतं की एकटं सुद्धा पूर्ण विमान वर नेईल, आणि मग रोज दोन्ही चालू असताना त्याच्याकडे ताकद उरून पडते. ७७७-३०० ईआरचं एकेक इंजिन एक लाख पंधरा हजार पौंडाचा धक्का देतं, त्याचा पंखाच सव्वातीन मीटरचा आहे. माझ्यासारखा माणूस त्याच्या तोंडात सरळ उभा राहतो आणि वर अजून हात उंच केला तरी पुष्कळ जागा उरते. उलट ए-३४०-३०० ला चार छोटी इंजिनं होती आणि चारही ठणठणीत असताना ते इतकं सावकाश चढायचं की पायलट लोकांत त्याची चर्चा असायची. हे नागपूरकरांना तर लवकर कळायला पाहिजे. मे महिन्यात दुपारी इथे ४५ असतं, हवा पातळ होते, इंजिनाची पूर्ण ताकद साधारण ३० डिग्रीपर्यंतच मिळते आणि त्यावर ती उतरत जाते. अशा दुपारी रनवेवर उभं राहिलेल्या विमानात किती दम शिल्लक आहे हा प्रश्न खरा, किती इंजिनं लटकली आहेत हा नाही.

आता माझ्या बाबांची गोष्ट सांगतो, कारण या सगळ्या वादाचं मूळ नागपुरातच आहे असं मला वाटतं.

बाबा पोस्टात होते. १९४९ ला रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, थैल्या अदलाबदल व्हायच्या, पायलट लोक चहा प्यायचे आणि पहाटेपर्यंत सगळे आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध असल्याचा फायदा, दुसरं काय. बाबा त्या थैल्या मोजायच्या ड्युटीवर असायचे. विमान डाकोटा, दोन इंजिनांचं. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासला निघालेल्या डाकोटाचं एक इंजिन उठल्या उठल्या गेलं आणि ते इथेच पडलं. विमानात चौदा माणसं होती, वाचला एकटा पायलट. कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री त्यात गेले. बाबा त्या रात्री ड्युटीवर नव्हते पण दुसऱ्या दिवशी विमान पडलं तिथे गेले होते, जळक्या पाकिटांचा वास महिनाभर नाकातून गेला नाही असं सांगायचे. दोन इंजिनांचं विमान एकावर चालत नाही हे बाबांच्या पिढीने डोळ्यांनी बघितलेलं, त्यांच्या तोंडून आमच्या पिढीने ऐकलेलं. काकांच्या पोटात जी भीती आहे ती तिथून आली आहे, खोटी नाही.

त्याच १९५३ ला अमेरिकेत नियम झाला की दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावरच्या वेगाने ६० मिनिटांपेक्षा लांब जायचंच नाही. तेव्हा ते बरोबर होतं, पिस्टनचं इंजिन दर काही हजार तासांनी बंद पडायचं. समुद्र ओलांडायचा तर चार इंजिनं पाहिजेतच, त्यातूनच पुढे ७०७ आणि ७४७ वगैरे आले. मग जेट इंजिन सुधारत गेलं आणि नियम हळूहळू सैल झाला. १९८५ ला अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीचं ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेलं आणि त्याच वर्षी १२० मिनिटांपर्यंतचा नियम आला, नंतर १८०, आता ७८७ ला ३३० मिनिटं आणि ए-३५० ला ३७० पर्यंत. याला इटॉप्स म्हणतात, आजकाल ईडीटीओ. लोकांना वाटतं ही कंपन्यांना दिलेली सूट आहे. सूट नाही, अट आहे. १८० मिनिटं पाहिजेत तर तुमची इंजिनं हवेत बंद पडायचं प्रमाण दर हजार इंजिन-तासांना ०.०२ च्या आत पाहिजे, त्याच्यावर पाहिजेत तर ०.०१. म्हणजे एक लाख तासांत एकदा. दोन इंजिनांच्या विमानाला ते पन्नास हजार तासांत एकदा झालं, आणि पायलट पूर्ण नोकरीत वीस हजार तास उडाला तर खूप उडाला. प्रमाण बिघडलं तर परवानगी जाते. शिवाय मालाच्या कप्प्यात आग लागली तर ती तेवढा वेळ दाबून ठेवायची सोय पाहिजे, एपीयू म्हणजे शेपटीतलं वीज देणारं छोटं इंजिन तासन्‌तास गारठून पडलेलं असलं तरी हवेत सुरू झालं पाहिजे. चार इंजिनांच्या विमानाला कित्येक वर्षं यातलं काहीच विचारत नव्हते, चार आहेत ना, जाऊ द्या. मला विचाराल तर अटलांटिकवर दोन इंजिनांचं विमान जास्त धाकात वाढलेलं पोर आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती तुम्ही नीट वाचावी अशी माझी विनंती आहे.

आजच्या विमानाची इंजिनं एकेकटी बंद पडली तर दोन काय चार काय, बहुतेक सगळं सांभाळता येतं. खरा धोका असतो तो सगळी इंजिनं एका कारणाने एकत्र गेली तर. जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं ७४७ जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारच्या चार इंजिनं बंद पडली, नशिबाने खाली येताना सुरू झाली. राख मोजत बसत नाही किती इंजिनं आहेत. आणि मला सगळ्यात जास्त झोंबलेली गोष्ट १९८३ ची, मे महिन्यातली. ईस्टर्न एअरलाईन्सचं लॉकहीड ट्रायस्टार, तीन इंजिनं, मायामीहून नासाऊला निघालं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते, म्हणजे ऑईलमध्ये लोखंडाचा चुरा येतो का ते पकडणारे मॅग्नेटिक प्लग. त्या प्लगला रबराची ओ-रिंग असते, एवढीशी, बांगडीपेक्षा लहान. तिन्हीवर ओ-रिंग बसवायची राहून गेली. स्टार्टरवर काही सेकंद फिरवून लीक बघितला, दिसला नाही. हवेत गेल्यावर तिन्हीतून ऑईल गळालं, आधी एक इंजिन बंद केलं, परत वळले, मग दुसरं गेलं, मग तिसरं, आणि तेवढं मोठं विमान १७२ माणसं घेऊन समुद्रावर दगडासारखं खाली येऊन राहिलं. चार हजार फुटांवर आल्यावर पहिलं बंद केलेलं इंजिन कसंतरी सुरू झालं आणि ते उतरले, सगळे वाचले. तीन इंजिनं होती, पण रात्र एक, शिफ्ट एक, चूक एक.

हे मी वाचलं तेव्हा मला माझी एक रात्र आठवली.

कंपनीचं नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. चार इंजिनांचं विमान, सकाळी सहाचं डिपार्चर, आणि शिफ्टला माणसं कमी. चारही इंजिनांचे मॅग्नेटिक प्लग काढून तपासायचे होते. दोन माणसांत वाटून करायचं काम एकाच पोराला दिलं कारण दुसरा दुसऱ्या विमानावर गेला होता. पोरगा हुशार, हात चांगला, फक्त सलग तिसरी नाईट. स्टोअरमधून ओ-रिंगची पाकिटं आणली त्यात एक साईज चुकीची आली आणि त्याने एक नंबर, दोन नंबर, तीन नंबरला तीच बसवली, कारण पहिलीला बसली तर पुढच्याला बसणारच. चार नंबरला पाकीट संपलं म्हणून नवीन आणलं आणि ती रिंग हातात घेतल्यावर त्याला बोटांना फरक जाणवला. तो तिथेच शिडीवर बसून राहिला. मग माझ्याकडे आला, चेहरा पांढरा, आणि तळहातावर दोन रिंगा ठेवून दाखवल्या, एक किंचित जाड. डोळ्याला दिसत नव्हतं, बोटालाच कळत होतं. आम्ही तिन्ही परत उघडले. विमान दीड तास उशिरा गेलं, उशिराचं कारण कागदावर वेगळंच लिहिलं गेलं, आणि त्या पोराला शाबासकीच्या जागी मेमो मिळाला. चौथ्या इंजिनाला पाकीट संपलं नसतं तर काय, हा विचार मी अजूनही करतो. चार इंजिनं होती आणि चारही एकाच हातात होती.

पुढे इटॉप्सवाल्या दोन इंजिनांच्या विमानांवर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका सीनियर इन्स्पेक्टरने माझा हात धरला. एक नंबरचं ऑईल फिल्टर मी बदललं होतं आणि शिडी घेऊन दोन नंबरकडे निघालो होतो. ते म्हणाले, "एक तू केलं, दुसरं तो करेल. तू त्याला हात नाही लावायचा." मला तेव्हा राग आला, माझ्यावर भरवसा नाही का. त्यांनी समजावलं की भरवशाचा प्रश्नच नाही, तू चुकला तर एकदाच चुकला पाहिजे. इटॉप्सचा हा नियम आहे, एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही, आणि करावंच लागलं तर दुसऱ्याने तपासायचं. माझ्या मते दोन इंजिनांवर समुद्र ओलांडायची हिंमत माणसाला जेट इंजिनाने दिली तेवढीच या एका नियमाने दिली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. दोन इंजिनांचीच विमानं घ्या, बेधडक घ्या, पण त्यातून जो पैसा वाचतो त्यातला हिस्सा माणसांवर लावा. कागदावर नियम काय आहे ते तुम्हाला माहीत, मी रोस्टरबद्दल बोलून राहिलो. रात्री दोन वाजता विमान उभं असतं त्या पार्किंग बेवर दोन इंजिनांसाठी दोन मोकळे माणूस आहेत का? का एकच आहे आणि दुसऱ्याची फक्त सही आहे? आणि हे फक्त अमेरिकेला जाणाऱ्या मोठ्या विमानांना लावून उपयोग नाही. नागपूर-मुंबई जाणारं ए-३२० साठ मिनिटांच्या आतच असतं, त्याला इटॉप्स लागत नाही, पण त्यात बसलेल्या आमच्या पोरीबाळींचा जीव काय स्वस्त आहे? सगळ्या विमानांना दोन हात लावा. प्रत्येक बेसवर. आणि चूक स्वतः येऊन सांगणाऱ्या पोराला मेमो देऊ नका, त्या पोराने एक विमान वाचवलं होतं.

चारवाल्यांचं काही खरंही आहे आणि ते लपवायला मी पत्र लिहीत नाही. हिमालय आणि तिबेटवरून जाताना एक इंजिन गेलं तर दोनवालं विमान त्या उंचीवर राहू शकत नाही, हळूहळू खाली यावं लागतं, आणि खाली डोंगर. तिथे आधीच आखलेल्या वाटेनेच निघावं लागतं, ऑक्सिजनचा हिशोब लागतो, चारवाल्याचं तिथे सोपं जातं. एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर आपल्याला लांबून जावं लागलं, अशा वेळी कोणी शॉर्टकट म्हणून डोंगरावरून रूट मागितला तर आधी तुमच्या एका इंजिनावरच्या वाटा पक्क्या करा, मगच मागा. दुसरं, चार इंजिनांचं विमान परगावी एक इंजिन खराब होऊन अडकलं तर प्रवासी उतरवून तीन इंजिनांवर रिकामं घरी आणता येतं. दोनवाल्याला तिथेच थांबावं लागतं, नवीन इंजिन तिथे पोचेपर्यंत. म्हणजे दोनवाला घेताना स्पेअर इंजिन घेणं हा ऐच्छिक खर्च नाही, विमानाच्या किमतीतच धरायला पाहिजे. २०२३ ला प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनांच्या धातूतच खोट निघाली तेव्हा इंडिगोची कितीतरी विमानं जमिनीवर उभी राहिली, आणि त्याच वर्षी गो फर्स्ट तर याच इंजिनांचं कारण सांगत दिवाळखोरीत गेली. फ्लीट ठरवताना दोन का चार यापेक्षा मला तुमची झोप उडावी असं वाटतं ते या प्रश्नाने, की सगळ्या विमानांना एकाच जातीचं इंजिन आहे आणि त्या जातीलाच रोग लागला तर काय करणार. ए-३५० घ्याल तर इंजिन रोल्स-रॉयसचंच, ७७७-९ घ्याल तर जीईचंच, निवड नाही. मग निदान सगळी मोठी विमानं एकाच प्रकारची घेऊ नका, थोडं महाग पडलं तरी.

आणि स्पेअर इंजिनं ठेवायची कुठे, तर इथे ठेवा. हे मी नागपूरकर म्हणून स्वार्थाने म्हणतोय असं वाटेल, वाटू द्या. विमानतळाला लागून असलेल्या मिहानला बोइंगने बांधून दिलेलं हँगर २०१५ पासून उभं आहे, ७७७ आणि ७८७ तिथे येतात. १९४९ ला चार दिशांची टपाल विमानं ज्या कारणाने इथे भेटायची ते कारण आजही तसंच आहे. लहान विमानाचं इंजिन ट्रकवर घालून समृद्धीने ७०१ किलोमीटरमध्ये मुंबईकडे जातं, हैदराबाद पाचशे किलोमीटर, दिल्लीही एका बाजूला पडत नाही. इथली पोरं एएमईचं म्हणजे विमान मेंटेनन्सचं शिक्षण घेऊन बाहेर जातात कारण इथे काम नाही, त्यांना काम द्या. दोन इंजिनांसाठी दोन माणसं पाहिजेत म्हणतो ती माणसं आणायची कुठून हा प्रश्न तुम्ही विचाराल, तर ती हिंगण्यात, वाडीत, खापरीत राहतात.

अजून एक गोष्ट लोकांना सांगायला मला मदत करा. नागपूरला कितीतरी विमानं अचानक उतरतात कारण आखाताच्या बाजूने बांगलादेश-थायलंडकडे जाणारे हवाई रस्ते आमच्या डोक्यावरून जातात. ऑगस्ट २०२१ ला बिमान बांगलादेशच्या मस्कत-ढाका विमानाच्या कॅप्टनला हवेत हार्ट अटॅक आला, को-पायलटने विमान इथे उतरवलं, सगळे प्रवासी सुखरूप, कॅप्टन बिचारे काही दिवसांनी इथल्याच हॉस्पिटलमध्ये वारले. दोन्ही इंजिनं अगदी ठीक होती. विमानाला रस्ता सोडून उतरायची वेळ येते ती बहुतेकदा कोणाची छाती दुखली म्हणून, धूर आला म्हणून, हवामान बिघडलं म्हणून. अशा वेळी जवळ चांगला विमानतळ, जागं असलेलं हॉस्पिटल, फायर ब्रिगेड लागतं. हे तुम्ही तिकिटाच्या मागे, वेबसाईटवर, मराठीत, हिंदीत, बंगालीत साध्या भाषेत का नाही लिहीत? आमच्या मंडळातल्या एकालाही इटॉप्स हा शब्द माहीत नव्हता. ज्याच्या जीवावर बेतणार त्यालाच काही सांगायचं नाही आणि मग तो घाबरला की अडाणी म्हणायचं, हे बरोबर नाही.

वहिनींना मी परवा हे सगळं चहा पिता पिता समजावलं, कागदावर चित्र काढून. ओ-रिंग कशी असते ते दाखवायला प्रेशर कुकरच्या झाकणाची रिंग काढून आणली. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "भाऊजी, मी ज्या विमानात बसणार त्याला दोन माणसांनी बघितलं का एकाने, हे मला कोण सांगेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते तुमच्याकडे आहे. मंडळाची पुढची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी, सोनेगाव तलावाजवळ, सकाळी साडेसातला असते. तुमच्यापैकी ज्या कंपनीचं लेखी उत्तर तोपर्यंत येईल ते मी तिथे मोठ्याने वाचून दाखवीन, आणि निवेदनाचा कागद परत समोर ठेवीन. वहिनींचं विमान त्यानंतर नऊ दिवसांनी आहे.

आपला,
एक रिटायर्ड विमान मेंटेनन्स इंजिनियर
सोनेगाव, नागपूर